विळा लाल झाला तर

२ जून
रसायनाची फेरपरीक्षा तोंडावर. बारावीचे बाकी विषय सुटले, हेच एक मानगुटीवर बसलंय. सुटलं तरच नर्सिंगला जाता येईल. हे म्हणाले, "सुटंल की." ह्यांना काय, पेपर मला द्यायचाय!

५ जून
पुन्हा माती खाल्ली. सल्फ्युरिक आम्ल अन् सोडियम हायड्रॉक्साइड. समीकरण दोन्हीकडं सारखं होईना म्हणून NaOH चं Na₂(OH)₂ केलं अन् खूश! असला पदार्थच जगात न्हाई. २ पुढं लावायचा, पोटात न्हाई. येडी.

८ जून
मोसंबीच्या बुंध्याला लावायला मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बुरशीवरचं औषध, बोर्डो केलं. एका बादलीत मोरचूद, दुसरीत भिजवलेला चुना, मग एकत्र. निळंशार! मी ओरडलेच, "मामा, हे तर समीकरणच हाय!"
CuSO₄ + Ca(OH)₂ → Cu(OH)₂ + CaSO₄
आकडा लावायचंबी काम न्हाई.
"कावून वरडतीस? बादली सांडंल."
मग त्यांनी विळा बुडवला. पातं लाल. "चुना कमी पडला." मी म्हणलं, मोरचूद मोकळं राहिलंय, त्यातलं तांबं बसलं पात्यावर. "आस्सं व्हय!" अजून चुना टाकला, पातं घासून परत बुडवलं. स्वच्छ. दोघंबी लई हसलो.

११ जून
मामा आता चहा पितानाबी परीक्षा घेतेत. "मोरचुदात कॉस्टिक सोडा टाकला तर?"
"दोन NaOH, मामा!"
बरोबर का चूक त्यांना कुठं कळतंय, पण मान अशी डोलवतेत की बस. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणल्या, "दोघांलाबी येड लागलंय." लागू द्या. असा अभ्यास जन्मात झाला न्हवता.

१६ जून
पेपर. मोरचूद-चुना आलं!! पहिलं तेच सोडवलं. ॲल्युमिनियम सल्फेटबी आलतं, 6NaOH, जमलं. बाकी पेपर... जाऊ दे. अन् काय डोक्यात आलं, मोरचुदाच्या समीकरणाखाली लिहून आले, 'लोखंडी विळा बुडवावा. लाल झाला तर चुना कमी.' बाहेर आल्यावर वाटलं, मार्क कापले तर?
न्यायला आलेल्या मामांना वाटेत भीत भीत सांगितलं. "माझ्या विळ्याचं लिहिलंस?" फटफटी तिथंच थांबवली. आमचं उमापूर येईस्तोवर मामा दिसंल त्याला सांगत आले.

२० जून
निकालाचा अजून पत्ता न्हाई. मामांनी विळ्याला धार लावून दारात अडकवलाय. "पास झालीस की बीडला ह्यालाबी संगं न्यायचं." नर्सिंगच्या ॲडमिशनला विळा! हसून हसून मेले.
"अन् नापास झाले तर, मामा?"
"मग काय, पुढल्या बारीला चुना वाढवू."