बास म्हणायचं नाही

२ मार्च

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

फोनवर मी सगळं ठीक आहे म्हणून मोकळी होते आणि कागदावर माझी थाप तुला लगेच कळते, म्हणून पत्रच लिहीत जा, असा तुझा हुकूम. तर ऐक. मी जिम लावली आहे. हसून घे आधी.

गाद्यांच्या दुकानाखाली तळघर आहे, तिथे. एकट्यानं मशीनवर धावायची भानगड नाही. आम्ही वीसेक जण गोल करून उभे राहतो, सगळे एकच व्यायाम करतो आणि मोठ्यानं आकडे म्हणतो. शिकवणाऱ्याला सगळे कप्तान म्हणतात. पहिल्याच दिवशी उठाबशा काढताना माझे पाय लटलटायला लागले आणि मी सवयीनं "बास" म्हणाले. गोल थांबला. मला वाटलं, सुटले! तर सगळ्यांनी माझ्याकडे बघून गोड हसून पुन्हा एकपासून सुरुवात केली. तिथला नियमच तो. कोणीही बास म्हटलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. रागवत कोणीच नाही. शेजारी गणिताच्या बाई होत्या, साठीच्या. त्यांनी स्वतःच्या टॉवेलनं माझा घाम पुसला आणि पुन्हा खाली बसल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तेव्हापासून तो शब्द तोंडातून काढलेला नाही.

आमच्या ह्यांना, घड्याळजींना, हे ऐकून हसू आवरेना. दिवसभर डोळ्याला भिंग लावून दुकानात बसणारा माणूस, जिना चढताना मध्येच थांबून खिडकीतून काहीतरी बघितल्याचं सोंग करतो, आणि मला हसतो!

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

१४ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

हसले. पोट दुखेपर्यंत हसले. शाळेत कवायतीच्या तासाला दर वेळी पाय मुरगळणारी तू! पण खरं सांगू, बरं वाटलं. तुझा तो चष्म्याच्या दुकानाचा मालक सुट्टीच्या दिवशीही बोलावतो आणि तू मान खाली घालून काचा घासायला जातेस. अंगात बळ आलं तर कदाचित जिभेतही येईल.

फक्त त्या शब्दाचं मला काही पटलं नाही. बाबा गुदगुल्या करायचे ते आठवतं? आपण गडाबडा लोळायचो, पण बास म्हटलं की त्यांचे हात तिथल्या तिथे वर. आपल्या घरात एवढा एकच कायदा होता आणि तो बाबांनी कधी मोडला नाही. मीही गाडी शिकवताना प्रत्येक शिकाऊला आधी तेच सांगते, की मी बास म्हटलं की ब्रेक दाबायचा. आणि नाहीच दाबला, तर माझ्या बाजूला दुसरा ब्रेक आहे. जिथे बास म्हणजे पुन्हा सुरू, तिथे मी माझ्या एकाही शिकाऊला पाठवणार नाही. म्हातारी झाले म्हण हवं तर.

मेव्हण्यांना सांग, जिन्यातल्या खिडकीतून काय दिसतं ते मलाही कळवा. आठवण ठेवून लिहीत जा.

तुझी,
ताई

१९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी नंबर एक. मालकानं परवा सुट्टीच्या दिवशी बोलावलं आणि मी येणार नाही म्हणून सांगितलं. आवाजसुद्धा कापला नाही. तो बघतच राहिला. काचांची पेटी दोघं मिळून उचलायचो, ती आता मी एकटी उचलते. ताई, इतकी वर्षं मी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी वावरत होते गं. आता आरशात बघते तेव्हा ही बाई मला आवडते.

बातमी नंबर दोन. घड्याळजीही यायला लागले. मीच मागे लागून नेलं. त्यांना जन्मात मित्र नव्हता, आता वीस आहेत. त्यांच्या नावानं टाळ्या पडल्या की लहान मुलासारखे लाजतात. कधीच बास म्हणत नाहीत. आपल्यापायी इतरांना पहिल्यापासून करावं लागेल, ही कल्पनाच त्यांना सोसत नाही.

मध्यंतरी डावा खांदा आणि जबडा दुखतो म्हणून ते घरी राहिले. तर सकाळी अख्खा गोल आमच्या खिडकीखाली! कोणी हाक मारली नाही, काही नाही. नुसते एका लयीत टाळ्या वाजवत उभे. समोरच्या घरांतले पडदे हलायला लागले. हे डोळे पुसत बूट घालून खाली गेले. मलाही भरून आलं. पण आम्ही खाली येईपर्यंत टाळ्या थांबल्या नाहीत, आणि कोणाचाच चेहरा हलत नव्हता, हे नंतर मनातून जाईना. दुखण्याचं कप्तानांना विचारलं. ते म्हणाले, की अंगातला आळस बाहेर पडताना दुखतंच.

तू काळजी करणार, माहीत आहे. कर, पण थोडीच कर.

तुझी,
धाकटी

२३ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद नंतर. आधी मेव्हण्यांना डॉक्टरांकडे ने. जिन्यात दम लागतो, खांदा दुखतो, जबडा दुखतो, हा आळस नव्हे. मला भीती वाटते आहे. फोनवर तू पुन्हा सगळं ठीक आहे म्हणशील, म्हणून लिहूनच कळवते. माझ्या शिकाऊंची परीक्षा तोंडावर आली आहे, नाहीतर हे पत्र टाकायच्या ऐवजी मीच गाडीत बसले असते.

आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्या तळघरात पाऊल नको. ऐकणारच नसतील तर तू सोबत राहा. त्यांचा स्वभाव भिडस्त, ते जीव गेला तरी बोलायचे नाहीत. मग तू बोल. मालकाला बोललीस ना? तशीच बोल. त्यांचा चेहरा जरा जरी उतरला तरी मोठ्यानं बास म्हण. तुझ्या बाजूलाही ब्रेक आहे, तो दाब.

ताबडतोब उत्तर दे.

ताई

२ मे

ती. ताईस,
सा. न.

फोनवर तुला अर्धंच सांगितलं. उरलेलं आता लिहिते, कारण मोठ्यानं बोलायचा धीर नाही.

डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली होती. शनिवारी ते ऐकेनात, म्हणाले, की नुसतं उभं राहून येतो. उभे कसले राहतात! वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन सगळ्यांबरोबर उठाबशा सुरू झाल्या. संपायला थोड्याच उरल्या होत्या. त्यांच्या ओठांचा रंग गेलेला मला दिसला. तू सांगितलं होतंस तसंच मी केलं. सगळ्या तळघरात घुमेल इतक्या मोठ्यानं मी बास म्हणाले. जन्मात इतक्या जोरात ओरडले नव्हते.

गोल थांबला. सगळे माझ्याकडे बघून हसले. आणि एकपासून सुरू झाले.

हेसुद्धा. ताई, हेसुद्धा! मी हात धरून ओढलं, नका करू म्हणाले, तर त्यांना वाटलं मी थकले. माझी समजूत घालत म्हणाले, की काही हरकत नाही, तुझ्यासाठी पुन्हा करू. नियम मला पाठ होता गं, आणि तरी मी तोच शब्द वापरला. आपल्या घरातला शब्द म्हणून वापरला. ते पडले तेव्हाही बाकीचे मोजतच होते.

तुझी यात काही चूक नाही, उगाच स्वतःला खाऊ नकोस. ते वाचले आहेत. हृदयाचा बराचसा भाग गेला, म्हणतात. अजून नीट शुद्धीवर नाहीत. गोल रोज भेटीच्या वेळेला येतो. आत सोडत नाहीत, म्हणून सगळे खिडकीखाली उभे राहतात. काल मी खाली जाऊन जा म्हणून सांगितलं. गणिताच्या बाईंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, की आम्ही कोणाला मागे सोडत नाही.

आज दुपारी सिस्टर त्यांना चमच्यानं पाणी पाजत होत्या. थोडं ओघळलं, म्हणून मी हलकेच बास म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. चादरीखाली गुडघे वर आले आणि तोंडातून शब्द निघाला, "एक."

तू परवा येशील. त्यांच्याजवळ बस, बाबांच्या गोष्टी सांग, हवं तर मला शिव्या दे. फक्त एवढं सांभाळ. त्यांच्यासमोर पुरे म्हण.

वाट बघते आहे.

तुझी,
धाकटी