बुजवलेल्या विहिरीस खाण न समजणेबाबत

प्रति,
मा. खनिज अधिकारी,
भूगर्भ व खनिज कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : आमच्या परसातील बुजवलेली विहीर अ‍ॅल्युमिनियमचा साठा धरून संपूर्ण गल्ली रिकामी करण्याची नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) घर रिकामे करण्याबाबतची आपली नोटीस.
२) माझे यापूर्वीचे अर्ज, ज्यांचे उत्तर आलेले नाही.

महोदय,

मी खाली सही करणारी, गल्लीतल्या शेवटच्या घरातली सून, आपणास सविनय कळवते की, उद्या आपल्या नोटिशीची मुदत संपत आहे आणि आम्ही घर सोडणार नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढचे वाचताना आपला जीव टांगणीला लागणार नाही.

१. गेल्या उन्हाळ्यात आपल्या कार्यालयाची माणसे गल्लीमागच्या मोकळ्या जागेत मशीन घेऊन आली. तिथल्या चिकणमातीतून अ‍ॅल्युमिनियम काढता येईल का, हे पाहायचे आहे असे त्यांनी सांगितले. आमची हरकत नव्हती. त्या मातीने आजवर आमच्या पायातल्या चपला तेवढ्या ओढून घेतल्या, दिले काही नाही. सरकारला काही देत असेल तर खुशाल देवो. त्यांनी तिथे पुष्कळ भोके पाडली. शेवटचे भोक मात्र आमच्या परसात पाडले, कारण तिथे झाडाची सावली होती आणि चहा मिळत होता. मी त्याच वेळी मुकादमांना सांगितले की इथे विहीर होती, ती बुजवलेली आहे. ते म्हणाले, "मग तर बरंच झालं वहिनी, मशीन भराभर खाली जाईल." मशीन भराभर खाली गेले.

२. खाली गेल्यावर त्याने मातीबरोबर चकाकणारे कपटे वर आणले. माणसे हरखली. त्यांनी ते पिशव्यांत भरले, चिठ्ठ्या लावल्या आणि नेले. पुढे आपला अहवाल आला. त्याप्रमाणे मोकळ्या जागेतल्या मातीत कुठल्याही चिकणमातीत असते तेवढेच अ‍ॅल्युमिनियम आहे, आणि ते काढायला जाणे म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. (हे शब्द माझे, अर्थ आपला.) परंतु आमच्या परसातला नमुना इतका भारी निघाला की सगळ्यांची सरासरी काढल्यावर अख्खी गल्लीच श्रीमंत झाली. त्या सरासरीच्या जोरावर आपण आम्हाला रस्त्यावर आणायला निघाला आहात.

३. ते कपटे कुठून आले हे आता सांगणे भाग आहे. आमच्या घरात या गोष्टीचा उच्चार आजवर कोणी केलेला नाही. माझे सासरे, ज्यांना बाजारात अजूनही भांडेवाले म्हणतात, यांचे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांचे दुकान होते. पुढे स्टील आले. ओळखीची गिऱ्हाइके दुकानावरून जाताना मान दुसरीकडे वळवू लागली. उरलेला माल मोडीत घालणे सासऱ्यांच्या जिवावर आले. मी लग्न होऊन येण्यापूर्वी त्यांनी तो सगळा घरी आणून आटलेल्या विहिरीत टाकला, आणि वर मागची चिकणमाती लोटून विहीर बुजवली. हे मला सासूबाईंनी त्यांच्या शेवटच्या दुखण्यात सांगितले आणि मामंजींपुढे हा विषय कधी काढायचा नाही असे बजावले. मामंजी सगळ्यांना सांगत आले की माल शेवटच्या झाकणीपर्यंत विकला गेला. आम्ही माना डोलावत आलो. मशीनने कपटे वर काढले तेव्हा ते ओट्यावर बसले होते. ते उठून आत गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

४. विहिरीबद्दल सांगायला मी आपल्या कार्यालयात आले. दाराजवळच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, नकाशात विहीर दाखवलेली नाही, सबब विहीर नव्हती. मी म्हटले, नकाशात माझी सासूही नाही, म्हणून काय माझे लग्नच झाले नाही? त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. दुसरीकडे कुठेही भोक पाडून पुन्हा तपासा, अशी विनंती केली, तर म्हणाले, पुन्हा तपासले म्हणजे पहिली तपासणी चुकली असा अर्थ निघतो. शेवटी ज्याने विहीर बुजवली त्याचा लेखी जबाब आणा, असे सांगून मला वाटेला लावले. तो जबाब मागायला माझी जीभ रेटेना. माझ्या नवऱ्याने एकदा विषय काढून पाहिला. "माल विकला गेला होता," एवढेच बोलून मामंजी भिंतीकडे तोंड करून निजले.

५. मधल्या काळात आपल्या कार्यालयाने कहर केला. मी मिरचीला आळे केले, तर विनापरवाना खोदकामाची तंबी आली. परसात रखवालदार बसवला. तो आमचाच चहा पितो आणि मी कुंडी सरकवली की वर कळवतो. बिचाऱ्याचा दोष नाही, पोटासाठी बसला आहे. अहवालात ज्याचे वर्णन "नैसर्गिक छिद्र असलेला दुर्मिळ तुकडा" असे केले आहे, तो पातेल्याचा कान आहे. छिद्र रिवेटचे आहे. त्याचा जोडीदार मशीनवाल्यांच्या हातून परसातच पडला होता, तो सोबत पाठवत आहे. आपल्याकडे कोणी घरी स्वयंपाक करत असेल तर त्यांना दाखवावा. परवा तर कमाल झाली. घरात खनिजाचे आणखी नमुने असल्यास जमा करावेत, असे पत्र आले. माझ्या फडताळात अ‍ॅल्युमिनियमचे दोन डबे आणि एक चाळणी आहे. यातले काहीही मी देणार नाही.

६. सबब, उद्या सकाळी आम्ही घरचे आणि गल्लीतली माणसे कुदळी-फावडी घेऊन विहीर उकरणार आहोत. मनाई आहे हे ठाऊक आहे. गुन्हा नोंदवायचा तर एकट्या माझ्यावर नोंदवावा, बाकीचे माझ्या सांगण्यावरून आलेले असतील. आपण स्वतः यावे आणि अहवाल लिहिणाऱ्या साहेबांनाही आणावे. भांडी निघाली तर नोटीस तिथेच फाडावी. नाही निघाली तर मी माझ्या हाताने बिऱ्हाड बांधीन. भीक मागायला हा अर्ज केलेला नाही, बोलवायला केला आहे.

७. मामंजींना अंधारात ठेवून त्यांच्या विहिरीवर कुदळ मारणे मला जमले नसते. म्हणून हा अर्ज मी त्यांना वाचून दाखवला. दुकानाचा भागही वगळला नाही. मला फार वाईट वाटले आणि आपला फार राग आला, हे नमूद करते. मी कागदाची घडी घालायला घेतली, तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि पेन मागितले. त्यांनी कागदाच्या तळाशी जे लिहिले आहे ते मी वाचलेले नाही; हे कलम त्यानंतर वरच्या मोकळ्या जागेत लिहिले आहे.

आपली नम्र, आणि उद्याही याच पत्त्यावर असणारी,

(सही)
भांडेवाल्यांची सून
दिनांक : मुदत संपण्याचा आदला दिवस

सोबत : १) नोटिशीची प्रत. २) पातेल्याचा कान, एक. पाहून झाल्यावर परत करावा.

अर्जदार माझी सून आहे. तिने लिहिले ते खरे आहे. माल मी टाकला. तो विकला गेला नव्हता. भांडी चांगली होती. उद्या वर काढताना कुदळ जपून मारावी, पोचे पडतात.

(सही)
भांडेवाले