मुकादमाची साखर

रविवार, १७ तारीख
दुपार

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. पाकीट पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन असताना आईला हे काय सुचलं, असं तुला वाटेलच. अगं, मी फोनवर बोलायला लागले की तुझे बाबा वर्तमानपत्राचं पान उलटायचे थांबतात. गॅलरीत जावं तर खालची शिलाईवाली मशीन थांबवून मान वर करते. मग मी आपली ‘हो, हो, जेवलीस का’ एवढंच बोलून ठेवते.

माझं लाँड्रीचं काम चालू आहे. मालकांनी नवी इस्त्री आणली, ती जुनीपेक्षा जास्त कपडे जाळते, आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या काउंटरवर बसून मी खाते. जिन्याला हिरवा रंग दिलाय. रोज वर येताना दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

आता तुझा मुकादम. परवा खिडकीच्या कट्ट्यावर एका उडीत चढला. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, हे तेच बोकोबा का? हो म्हटलं, तेच. मधे त्याला जरा बरं नव्हतं असं मी तुला फोनवर म्हणाले होते ना? जरा नव्हतं गं. गेलाच होता तो.

ते सांगायचं तर आधी दुसरंच सांगावं लागतं, म्हणून इतके दिवस टाळलं. तुझे बाबा आणि मी बोलत नव्हतो.

तू नोकरीसाठी गेलीस आणि त्यांनी दुरुस्तीला आलेले वजनकाटे तुझ्या खोलीत मांडायला घेतले. मी म्हटलं, अहो, पोरगी आली की झोपेल कुठे? तर म्हणाले, “ती येणारे का आता?” माझं डोकंच फिरलं. काटे उचलून बाहेर ठेवले, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. तेव्हापासून अबोला. दोन दिवसांत संपेल म्हटलं, पण तो चांगला हातपाय पसरून मुक्कामाला राहिला.

घर चालवायला बोलावं तर लागतंच. मग आम्ही मुकादमाला मधे घेतलं. “मुकादम, हिला सांग, गॅस संपत आलाय.” “मुकादम, त्यांना सांग, मला डोळे आहेत.” तो बिचारा खऱ्या मुकादमासारखा दोघांकडे बघायचा आणि कुणाचंच काम करायचा नाही. सुरुवातीला हसूही यायचं मला. पुढे पुढे नाही आलं. संध्याकाळी लाँड्रीतून परत आले की घराच्या लॅचमध्ये किल्ली फिरवण्याआधी मी जिन्यातच थोडी थांबायचे. आत माणूस आहे हे ठाऊक असून रिकाम्या घरात शिरायचं, हे फार जड जातं गं.

त्याची कामं मात्र वाटलेली होती. खाणं बाबांचं, इन्शुलिनची सुई माझी, तू शिकवलीस तशी, मानेमागची कातडी चिमटीत धरून. एवढं करूनही साखर चढलेलीच. म्हणून मी कामावर असताना बाबा त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, कोरडी बिस्किटं हळूहळू बंद करा, डब्यातलं ओलं मांसाचं खाणं सुरू करा, त्यात पिष्ट कमी असतं. पण खाणं बदललं की साखर आपोआप उतरते, तेव्हा सुईतलं औषधही आजपासूनच कमी करायचं. किती, तेही सांगितलं, आणि आठवड्याने दाखवायला बोलावलं.

बाबांनी ते मला सांगितलं. म्हणजे मुकादमाला सांगितलं.

मी ओट्याशी भांडी घासत होते. ते मागे स्टुलावर त्याला मांडीवर घेऊन काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं लाड चाललेत. बायकोशी बोलायला तोंड नाही आणि मांजराशी गुलुगुलु! असा संताप आला की मी रेडिओ मोठा केला. मुद्दाम केला. बाबा सांगून मोकळे झाले आणि मी ऐकलंच नाही.

पुढे ते काट्यावर तोलून रोज जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त करत गेले, अगदी सोनारासारखे. मी बघत होते, पण विचारणार कोण? मी आपली रोजची सुई पूर्ण देत राहिले.

त्या संध्याकाळी सुई देऊन मी कपडे घडी करायला बसले. काही वेळाने मुकादम पलंगाखालून आला तो झिंगल्यासारखा. मागचे पाय वाकडे पडत होते. दोन पावलं टाकली आणि आडवाच झाला. डोळे उघडे, पण आमच्याकडे बघेना.

“किती दिलंस?” बाबा ओरडले. मला. सरळ मला.

“रोजचंच!”

“अगं, कमी करायचं होतं ना! सांगितलं होतं मी!”

“कुणाला?”

ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, “मध आण.”

मी बरणी आणली. डॉक्टरीणबाईंना फोन लावला तर म्हणाल्या, तोंडात ओतू नका, ठसका लागेल. बोटाने हिरड्यांना चोळा आणि तसेच निघून या. टॅक्सीत बाबांच्या मांडीवर टॉवेल, टॉवेलात तो, आणि माझं मधाचं बोट त्याच्या हिरडीवर. बाबा रडत होते. तुझ्या वेळी स्टेशनवरही नव्हते रडले.

रात्रभर दवाखान्यात त्याला सलाइनवर ठेवलं. वाचला. सकाळी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. आधी कानाला टोचून साखर बघायची, मग सुई. आकडा खाली असला किंवा तो नीट जेवला नसला, तर सुई द्यायच्या आधी त्यांना फोन. मनाने काही बदलायचं नाही. “आणि घरात दोघं आहात ना? मग एकमेकांना विचारत नाही का?” तुझ्या वयाची असेल पोर. आम्ही दोघं चपला बघत बसलो.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरात आमची बैठक. बाबा टॉवेलात गुंडाळून त्याला धरायचे, मी कानाच्या कडेला टोचायचे, यंत्रावर थेंब लावायचे.

“किती?”

मी आकडा सांगायचे. “बरा आहे,” किंवा “आज चढला जरा.” एवढंच. पण भिंगरी, त्या एवढ्याशा बोलण्यावर मी दिवस काढायचे. काउंटरवर बसल्या बसल्या वाटायचं, आता घरी जाऊन मला कुणीतरी काहीतरी विचारणार आहे. मग एकदा बाबा म्हणाले, “तुझे हात गार पडलेत.” एकदा म्हणाले, “चहा टाकतो.” मी कुणाला सांगू हे? लोक हसतील, लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई नवऱ्याने चहा केला म्हणून पत्र लिहिते.

साखर उतरत गेली तशी बाईंनी औषध थोडं थोडं कमी केलं. आणि या सोमवारी म्हणाल्या, सुई बंद. नुसतं डब्याचं खाणं, आणि अधूनमधून तपासायला आणा. अशी मांजरं फार नसतात, नशीबवान आहे म्हणाल्या. बाबांनी त्यांना दोनदा हात जोडले. मीही हसले. घरी येताना टॅक्सीत मात्र मनात आलं, मुकादम बरा झाला, आता आम्ही काय बोलायचं?

त्या संध्याकाळी मी रेडिओ लावून ओट्याशी उभी होते. यंत्र कपाटात गेलेलं. बाबा नेहमीच्या वेळी टॉवेल आणि मुकादम घेऊन दारात आले. सवयीने आले असतील. टोचायचं काही नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि तिथेच उभे राहिले. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, “मुकादम, हिला विचार, बसू का?”

परत त्यालाच! मला वाटलं, ओरडावं. पण मी रेडिओ बंद केला.

“बसा,” म्हटलं.

बसले. मुकादम टॉवेलात घोरायला लागला, आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो. रोज असेच बसतो आता. किल्ली पर्समधून काढून तुझ्या खोलीच्या दारालाच लावून ठेवलीय. काटे त्यांनी आत नेले नाहीत. येतेस कधी, असं मी विचारणार नाही. पण विचारलं असं समज.

आणि एक कर. पुढच्या वेळी फोन केलास की बाबांनाही दे म्हण. ‘कसे आहात’ विचारू नकोस, ते ‘बराय’ म्हणून फोन मला देतील. मुकादमाला किती खायला घालता ते विचार. त्याचं त्यांना खूप सांगता येतं.

तुझी वाट न बघितल्यासारखं करणारी,
आई