यंदाची थंडी आणि माझं अळू

२० जानेवारी २००८, रविवार
वाफा मिळाला! सिंगापूरच्या बुकित बातोकमध्ये आमच्या ब्लॉकच्या मागे रेसिडेंट्स कमिटीने कम्युनिटी गार्डन काढलंय, त्यातला अगदी कोपऱ्यातला, ड्रेनला लागून. दोन दरवाजे आडवे टाकले तर झाकला जाईल एवढा. पण सुरुवात अशीच होते.
उल्काचं टुमणं चालूच आहे. पुण्याच्या तिच्या जुन्या कॉलेजात तिला जूनपासून गणित शिकवायला बोलावलंय. म्हणाली, सात वर्षं नवऱ्याच्या डिपेंडंट पासवर घरात काढली, आता पुरे, चला परत. मी शांतपणे सांगितलं की असले निर्णय घाईत घ्यायचे नसतात. पाडव्याला ठरवू. तोवर मी दाखवतो, माणूस इथेही मूळ धरू शकतो. पाडव्याला आपल्या वाफ्यातली भाजी पानात असेल. ती म्हणाली, बरं, पाडव्याला. म्हणजे जवळजवळ राजीच झाली.
संकल्प: रोज सकाळी सहाला वाफ्यावर. लेकीशी, ऋताशी, फक्त मराठीत बोलायचं.

२६ जानेवारी, शनिवार
पेरणी. मेथी, कोथिंबीर, वांगी, मिरची. वांगी-मिरचीची पाकिटं नर्सरीतली, मेथी आणि धणे लिटिल इंडियातल्या वाण्याकडचे. ऋताला मुद्दाम नेलं. दहा वर्षांची झाली, मातीत हात घातल्याशिवाय भाषा येत नाही असं माझं मत आहे. तिला म्हटलं, म्हण, वाफा. ती म्हणाली, पपा, सो डर्टी लाह, मस्किटो ऑल्सो गॉट. इथल्या बोलीतलं ते शेपटीचं लाह सोडलं, तर उच्चार स्पष्ट आहेत. बाकी येईल हळूहळू.
उल्काला खतविभाग देऊ केला. तिने नको म्हटलं.

२ फेब्रुवारी, सकाळ
पाऊस. सहाला उठलो होतो, पण पावसात वाफ्यावर जाऊन काय करणार? पुन्हा झोपलो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
अजून पाऊस. पारा चोवीसवर. सिंगापुरात चोवीस! ऑफिसात एसीमुळे स्वेटर असतोच, आज लोक बसस्टॉपवरही घालून उभे. मेथीला गारवा मानवतो. निसर्ग माझ्या बाजूने आहे.

७ फेब्रुवारी, चिनी नववर्ष
सुट्टी. वाफ्यावर गेलो. मेथी उगवली होती आणि कुजलीही होती, दोन्ही एकदमच. कोथिंबिरीचा पत्ता नाही. उल्काने धण्यांचा उरलेला पुडा हुंगून पाहिला आणि म्हणाली, हे भाजलेले आहेत. मी म्हटलं, असतील, पण खरं कारण थंडी आहे. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तिला हवामानातलं काही कळत नाही. गणितवाली आहे.

१७ फेब्रुवारी, रविवार
शेजारच्या वाफ्यावरच्या आंटी गो यांनी यंदापुरता नाद सोडला. एव्हरीडे रेन, हाऊ टू प्लांट, म्हणाल्या, आणि वाफ्यावर निळं प्लास्टिक अंथरून सकाळच्या ताई-चीच्या व्यायामाला गेल्या. निष्ठा कमी पडते लोकांची.
मी मेथी पुन्हा पेरली. रात्री सगळी वाहून ड्रेनमध्ये गेली.
उल्का दुपारभर पुण्याच्या शाळांना फोन करत होती. पाचवीला जागा आहे का विचारत होती. इथल्या शाळांशी तुलना करते आहे. शोधक बुद्धी आहे तिची, हे मी नेहमीच म्हणतो.

१ मार्च, शनिवार
परवा ऊन पडलं. इतकं कडक की वांग्याची रोपं दुपारपर्यंत करपली. आज पुन्हा धो धो आणि गार वारा. अशा लहरी हवेत कोण काय पिकवणार? मी बँकेत रिस्क विभागात आहे, अनिश्चितता मला नवी नाही. पण काही मर्यादा?
वांग्यांपैकी एक रोप उभं आहे. ऋता म्हणाली, पपा, दॅट वन स्टिक, यू पुट टू सपोर्ट द डेड वन. जवळ जाऊन पाहिलं. काठीच आहे.

२ मार्च
आनंदाची बातमी. ड्रेनच्या बाजूला अळू आलंय! मी लावलं नव्हतं, आपणहून आलं. हत्तीच्या कानाएवढी पानं, पावसात डोलतायत. इतके दिवस ते तण समजून मी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. जमीन स्वतः सांगत होती तिला काय हवंय, मीच ऐकत नव्हतो.
उल्का येऊन पाहून गेली. म्हणाली, हे खाण्याचं आहे की खाजरं, ते आधी बघ. मी म्हटलं, अळू ते अळू.

९ मार्च, रविवार
इथल्या मराठी मंडळाची मीटिंग. पाडव्याच्या जेवणाचा मेनू. इथे शैलेंद्रचं चालतं, कारण त्याचा काँडोतला फ्लॅट मोठा आणि मीटिंग त्याच्याकडे असते. त्याच्या बाल्कनीत ऑर्किड आहेत, पण ती माळी येऊन बघतो. तो मला हसत म्हणाला, काय प्रबोध, शेती कशी चाललीय? सगळे हसले. उल्का हसली नाही, खाली बघत होती.
मग मी जाहीर केलं: पाडव्याला साठ माणसांना अळूचं फदफदं, माझ्या वाफ्यातलं, माझ्या हातचं. शुभदावहिनी, ज्यांच्याकडे स्वयंपाकाचं खातं आहे, म्हणाल्या की मग चिंच आणि आंबट चुका भरपूर घाला हो भावजी. मी म्हटलं, वहिनी, ताज्या अळवाला चिंचेची गरज पडत नाही. बाजारच्या शिळ्या पानांना लागते ती.
येताना एमआरटीच्या गाडीत उल्का चार सीट लांब जाऊन बसली. भारावली असावी.

२२ मार्च, शनिवार
रंगीत तालीम. चार पानं कापून आणली, चिरली, शिजवली. रंग सुरेख. चव घेतली. छान. जरा वेळाने घसा धरला. हातही खाजतायत, कोपरापर्यंत. ही थंडी बाधली. सकाळी तेवीस होतं. त्वचा कोरडी पडते आणि घशाला गार वारा लागतो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या.
उल्काने विचारलं, घशाला काय झालं? म्हटलं, हवा. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. म्हणाली, प्रबोध, मंडळाला नाही म्हणून सांग, अजून वेळ आहे. मी म्हटलं, मी शब्द दिलाय. ती म्हणाली, शब्द तू मलाही दिलायस. ते मला माहीतच आहे. त्यासाठीच तर चाललंय सगळं.

३० मार्च
घसा बरा. अळू जोरात. बाकी वाफा सपाट आहे, पण जे आलंय ते पाहावं माणसाने.
उल्का विचारत होती, ओव्हन आणि ऋताचं पलंगासकट टेबल कुणाला हवं असेल का. वसंतातली साफसफाई. मी म्हटलं, नोटीसबोर्डवर लाव. घर मोकळं झालं की मला बाल्कनीत रोपं ठेवता येतील.

५ एप्रिल, शनिवार, रात्र
दोन मोठी पातेली भरून फदफदं तयार. हरभऱ्याची डाळ, दाणे, खोबऱ्याचे काप, हिंगाची फोडणी. चिंच नाही. हातांना रबरी मोजे घातले होते, थंडीमुळे. उल्काने ओट्यावर चिंचेचा गोळा आणून ठेवला आणि झोपायला गेली. मी तो परत डब्यात ठेवला. एकदा तत्त्व म्हटलं की तत्त्व.
उद्या पाडवा. उद्या ती म्हणेल, राहू या.

६ एप्रिल, पाडवा
कम्युनिटी क्लबचा हॉल. गुढी सुंदर. पंगत बसली. मी स्वतः वाढलं, प्रत्येक पानाला आग्रहाने, दोन दोन डाव. पहिली पाच मिनिटं फार समाधानाची गेली.
मग मंडळातला निशिकांत खाकरला. मग त्याची बायको. मग शैलेंद्र उठून बेसिनकडे पळाला. मग सगळा हॉलच खाकरायला लागला. मुलं जिभा बाहेर काढून आयांना दाखवत होती. शुभदावहिनींनी ताकाचं पिंप मधोमध ओढून आणलं आणि माझ्याकडे न बघता वाटायला लागल्या. मी माइकवरून सांगितलं की घाबरू नका, यंदा हवाच अशी आहे, सगळ्यांचेच घसे धरलेत. त्यावर कुणीतरी मागून ओरडलं, अहो, खाई त्याला खवखवे! सगळे हसले, आणि हसताना पुन्हा खाकरले.
पानं तशीच टाकून लोक उठले. अळवाच्या वाट्या भरलेल्या, रांगेने. एकच रिकामी होती, उल्काची. तिने शेवटपर्यंत खाल्लं. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी. मी तिला हळूच म्हटलं, बघ, तुला आवडलं. घोगऱ्या आवाजात म्हणाली, तीन महिने खपलास तू यावर. कुणीतरी खायला हवं होतं.
मी तिची वाटी उचलून धुवायला नेली.

७ एप्रिल, सोमवार
आवाज बसलेला, म्हणून तिने सकाळी हळू हळू सांगितलं. तिकिटं झाली आहेत. सात जून. तिचं आणि ऋताचं. माझं तिसरंही धरून ठेवलंय, या महिनाअखेर सांगायचं.
मी म्हटलं, यंदाची हवा धरायची नाही. हा निकाल ग्राह्य नाही. अजून एक हंगाम दे. ती म्हणाली, प्रबोध, तुला खरंच वाटतं मी भाजीची वाट बघत होते?
मग कशाची? विचारणार होतो, पण ऑफिसला उशीर होत होता.

३० एप्रिल
तिसऱ्या तिकिटाचं आज सांगायचं होतं. अप्रायझल तोंडावर आहे. वाफ्यात जमीन तयार करायची आहे. अशा वेळी कुठे जाणार? तिकिटाच्या एजंटला फोन केला नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

७ जून, शनिवार
चांगी विमानतळ. ऋता म्हणाली, पपा, यू कम फास्ट फास्ट ओके. मी म्हटलं, मराठीत सांग. ती रडायला लागली. तेवढं मी बोलायला नको होतं.
उल्का आत जाताना म्हणाली, औषधाचा डबा फ्रिजवर आहे. मग वळून म्हणाली, चिंचही.
बाहेर आलो तर लख्ख ऊन. पाऊस नाही, वारा नाही. भाजीपाल्याला अशी हवा वर्षात सापडायची नाही.

२० जुलै, रविवार
कमिटीचा निरोप आला, वाफा वापरात नसल्यास सोडावा. वापरात आहे असं कळवलं. अळू आहे ना.
संध्याकाळी पुण्याला फोन. ऋता आली. म्हणाली, बाबा, ऐका ना, मी स्वयंपाकघरातली मूठभर मेथी बाल्कनीतल्या कुंडीत नुसती टाकली आणि ती उगवली, आज आईने तिचे पराठे केले. मी विचारलं, खत कुठलं घातलंस? ती म्हणाली, काहीच नाही. पाणी? ती म्हणाली, पाऊस येतो ना.
एकदाही लाह म्हणाली नाही. पपाही नाही.
उल्का वर्गातल्या मुलांचे पेपर तपासत होती. मग बोलते म्हणाली.
फोन ठेवल्यावर घर फार शांत वाटलं. भूक होती म्हणून वाफ्यातलं अळू आणून शिजवलं. या वेळी चिंच घातली, सगळा गोळा. तरी घसा धरला. हवेला दोष द्यायला खिडकी उघडून पाहिली. हवा उत्तम आहे.