माळ घातली म्हणून?

रविवार, संध्याकाळ. निगडी.

डोकं फिरलंय नुसतं. लिहिलं नाही तर भांडी आपटीन.

सासूबाईंच्या भजनी मंडळानं आज आम्हा सगळ्या बायकांना पिक्चरला नेलं. देवाधर्माचा, हसवणारा, वर रडवणारा. बायकोला टाकून गेलेला नवरा शेवटी देवळात जाऊन नाक घासतो आणि ती लगेच त्याला ताट वाढते. बायकांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं, "बघ, तिनं कसं सगळं पोटात घातलं!"

अहो, पण त्यानं माफी मागितली देवाची, आणि माफ करायचं हिनं? की मीच वेडी?

तेव्हाच संशय यायला हवा होता. घरी येऊन टेकतोय, तोच दारात सतीश. वर्षभर चाकणला दुसरीबरोबर राहिलेला माझा नवरा. गळ्यात तुळशीची नवी कोरी माळ.

"देहूला जाऊन माळ घातली. दारू, मटण, सगळं सोडलं," म्हणाला. जसं काही माझं भांडण मटणाशी होतं! वर विचारतो, "जेवायला काय केलंय?"

मी म्हटलं, "ज्याची माफी मागितलीत, त्याच्याकडेच जेवा."

आता सासूबाईंचं कोपर त्याच्या बरगडीत गेलं. "अरे, हिचीही माग की!"

माळ चाचपत तो म्हणाला, "हिची कशाबद्दल?"

कशाबद्दल!

दार मीच त्याच्या तोंडावर लावणार होते. सासूबाईंनी माझ्याआधी लावलं.