तारांतोंचा ठसा

३ मार्च १९५४, पॅरिस

सोन्याची शुद्धता तपासणाऱ्या सरकारी कचेरीचं पत्र. नाहूम तारांतो यांचा दागिन्यांवर मारायचा ठसा बारा वर्षं वापरात नाही — पंधरा तारखेच्या आत आणून द्या, मोडायचा आहे. माझे मालक मेले असं कुठेही लिहिलेलं नाही. 'वापरात नाही'!

काडेपेटीतून काढून पाहिला. पत्त्यातल्या चौकटीसारखा आकार, आत एन आणि टी, मधे नांगर. सगळं मिळून तांदळाच्या दाण्याएवढं.

काही वाटलं नाही. जेवलो.

५ मार्च

फोर्तुने आली होती. मालकांची मुलगी. सहा वर्षांची असताना जर्मनांपासून खेड्यात लपवली होती, आता अठराची. दागिन्यांना पॉलिश करायच्या कारखान्यात आहे, नखं काळी. जूनमध्ये लग्न.

"फेर्नां काका, बाबांच्या हातची एखादी अंगठी आहे का हो? मोडकी चालेल. माझ्याकडे त्यांचं काहीच नाही. फोटोसुद्धा."

"असेल. शोधतो."

नाही. सगळ्या विकल्या. मीच विकल्या.

"लवकर शोधा हं! तुम्ही म्हणजे कासव!"

"अगं, कोळशाची पोती वाहत या शहरात आलो मी. तीही सावकाशच वाहिली."

हसली. बापासारखी, एका बाजूनं.

७ मार्च

लिहूनच टाकतो.

बेचाळीस साली, जर्मनांच्या अमलात, मालक ज्यू म्हणून त्यांना पोलिसांची चिठ्ठी आली होती, कागद तपासायला या म्हणून. मालकांनी विचारलं, "जाऊ का रे, फेर्नां?" मी कानस खाली न ठेवता म्हणालो, "जा की! नाही गेलात तर उगाच संशय. तासाभरात याल." त्यांनी ठसा माझ्या हातात दिला. "येईपर्यंत सांभाळ."

मालक डावखुरे. एकाच बाकावर बसायचो, दिवसभर कोपराला कोपर लागायचं. रोज भांडण! त्या दुपारी लागलं नाही.

८ मार्च

दुकान उघडलं. बंद केलं.

९ मार्च

बाकाखाली कातड्याची झोळी असते, कानशीनं निघालेला सोन्याचा कीस तिच्यात पडतो. मालकांच्या बाजूचा कीस मी कधी वितळवला नव्हता. डब्यात होता. आज मुशीत ओतला. बोराएवढा गोळा निघाला.

अंगठीत बसवायचे हिरे माझे. जुने तीन होते.

१२ मार्च

झाली. त्यांच्याच धाटणीची — रुंद, पायऱ्यापायऱ्यांची, मधे तीन हिरे. अंगठीची आतली बाजू ते कधी पॉलिशला देत नसत. "तिथे माझा हात राहू दे," म्हणायचे. मीही तशीच ठेवली. त्यांचा ठसा मारला.

एकाच घावात उमटला.

१५ मार्च

कचेरीत गेलो. आधी अंगठी, मग ठसा — उलटं केलं असतं तर संपलंच!

कारकुनानं भिंग लावलं. "तारांतो? बऱ्याच दिवसांनी!" सोनं कसाला लावून शुद्धतेची सरकारी खूण, गरुडाचं डोकं, उठवून दिलं. मग मी काडेपेटी पुढे केली.

"म्हणजे हे शेवटचं काम?"

"शेवटचं."

"छान हात होता हो माणसाचा."

"होता," मी म्हणालो.

हातोडीचा एक घाव. नांगर गेला.

१६ मार्च

अंगठी दिली. फोर्तुने रडली. मी कॉफी मागवली, साखर दोनदा घातली. लक्षात आलं तरी प्यायलो.

आता बरं वाटेल असं धरून चाललो होतो. वाटत नाही. वाईटही वाटत नाही.

२० मार्च

फोर्तुने दुकानात आली. अंगठी बोटात. उभीच राहिली.

"काका, दिवसभर मी कानशीचे ओरखडेच पुसत असते. आतले ओरखडे उजव्या हाताचे आहेत."

मी कानस खाली ठेवली.

"अंगठी मी ठेवणार आहे. पण मला एक तरी खरं द्या. त्या दिवशी त्यांना पोलिसांकडे जा म्हणालं कोण?"

"मी."

तिनं खुर्ची ओढली. बसली.

"सगळं सांगा," म्हणाली. "काय घालून गेले होते, तिथपासून."