तानाबाईच्या डब्यांतला खाचेचा रुपया

लिहून ठेवणार : श्रीमती इंदुताई विठ्ठलराव गावंडे, वय ७० वर्षे, धंदा घरकाम, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ.

मी आज शुद्धीवर आहे, माझी समज ठिकाणावर आहे आणि पुढचे सर्व काही मी माझ्या मर्जीने सांगत आहे. लिहून घेत आहेत वकील संघदीप मुनेश्वर, कारण सात वर्षांपूर्वी काचबिंदूने माझी नजर गेली. बाकी डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. माझा मुलगा नयन याने पुण्याहून फोनवर 'आई, आत्ताच कायले लिहून राह्यली?' एवढेच विचारले, त्याला दबाव म्हणता येत नाही. मृत्युपत्र दोन पानांत आटपावे, असे वकीलसाहेबांचे मत आहे. मी त्यांना म्हटले, मी सांगते तसे लिहा.

१. दिग्रस येथील माझे राहते घर, पुढची ओसरी, मागचे न्हाणीघर आणि लिंबाचे झाड यांसह, मुलगा नयन व मुलगी सुरभी यांना निम्मे निम्मे द्यावे. दोघांची संमती असल्याशिवाय ते विकू नये. सुरभी यवतमाळला शिक्षिका आहे आणि दर शनिवारी एसटीने माझ्याकडे येते. मी गेल्यावरही तिला शनिवारी उतरायला एक घर असावे, अशी माझी इच्छा आहे.

२. पोस्टातली शिल्लक व सोन्याच्या दोन पाटल्या सुरभीला. नयनच्या वाट्याला त्याच्या वडिलांची कंडक्टरची चामड्याची पिशवी. माझे यजमान विठ्ठलराव तेहतीस वर्षे एसटीत कंडक्टर होते. नयन चार वर्षांचा असताना ती पिशवी गळ्यात अडकवून ओसरीवर सगळ्यांना तिकिटे देत असे आणि आजोबांनाही फुकट बसू देत नसे. पाटल्यांपेक्षा ती जास्त मोलाची आहे, हे त्याला कळेल असे मी धरून चालते.

३. आता नाण्यांविषयी. माळ्यावर नाण्यांनी भरलेले एकवीस डबे आहेत. ते आमच्याकडे यजमानांची आत्या तानाबाई हिच्याकडून आले. तानाबाई सोळाव्या वर्षी विधवा झाली आणि दिग्रसला शाळेच्या फाटकाशी फुटाणे-मुरमुऱ्यांची टोपली घेऊन बसू लागली. आईवेगळ्या विठ्ठलरावांना तिनेच वाढवले. आणे-पैसे बंद होऊन नवे पैसे आले, तेव्हा पोरे घरातली बंद नाणी घेऊन तिच्याकडे येत. दुसरे दुकानदार त्यांना हाकलून देत. ती घेत असे आणि फुटाणे देत असे. कोणी हटकले की म्हणायची, 'पोराले काय मालूम, कोनतं बंद झालं अन् कोनतं चालू हाय.' पुढे पाच पैसे गेले, दहा गेले, वीस गेले, तरी तिने कधी कोणा पोराला परत पाठवले नाही. ती १९९८ साली वारली तेव्हा हे डबे यजमानांच्या नावे सोडून गेली आणि यजमान वारल्यावर ते माझ्याकडे आले.

लोकांना वाटते डब्यांत चांदी आहे. तसे नाही. एक व्यापारी येऊन गेला, त्याने अर्धा तास खडखडाट केला आणि किलोच्या भावात मागितली. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. नयन मोबाईलवर व्हिडिओ पाहून मला सांगतो की अमुक सालच्या दोन रुपयांना पाच लाख मिळतात. बाळा, तसले नाणे आपल्या डब्यांत नाही आणि त्या माणसाकडे पाच लाखही नाहीत.

४. हे डबे वीस वर्षे मी उघडू दिले नाहीत. त्याचे कारण आजवर यजमानांशिवाय फार थोड्यांना माहीत आहे. ते इथे लिहावे. वकीलसाहेब म्हणाले, याला मृत्युपत्रात जागा नाही. मी म्हटले, याच्याचसाठी मृत्युपत्र करते आहे.

माझे माहेर दिग्रसचेच, ढोले यांचे. १९६४ साली मी नऊ वर्षांची होते. दिवाळीपूर्वी घराला चुना मारायचे काम चालले होते आणि देवघरातले देव पाटावर मांडून ओसरीत ठेवले होते. त्यांत लक्ष्मीपूजनाचा राणी छाप चांदीचा रुपया होता. आजोबांनी चांदी पारखायला त्याच्या काठावर छिन्नीने खाच पाडली होती. तो रुपया मी उचलला आणि तानाबाईकडे नेला. मला फुटाणे हवे होते, दुसरे काही नाही. तिने रुपया पाहिला, मला पाहिले आणि ओंजळभर फुटाणे फ्रॉकच्या ओच्यात घातले. म्हणाली, 'हा मी बाजूले ठेवतो. घरच्या मोठ्या मानसाले घेऊन ये, देऊन देईन.' मी कोणाला घेऊन गेले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी रुपया सापडेना. भिंतीला चुना मारायला आमचा सालगडी रामधन राठोड घरात आला होता. तो एकोणीस-वीस वर्षांचा होता. तो बंजारा तांड्यावरचा, त्यामुळे कोणाला दुसरे नाव सुचलेच नाही. माझ्या वडिलांनी त्याला अंगणात चारचौघांदेखत जोड्याने मारले आणि साल भरायच्या आत काढून टाकले. मी खांबाशी उभी होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मी बोलले नाही.

पुढे माझे लग्न ठरले ते नेमके तानाबाईच्या भाच्याशी. पाहायला आली तेव्हाच तिने मला ओळखले. त्यानंतर एकाच घरात आम्ही एकवीस वर्षे राहिलो. तिने मला बाळंतपणात न्हाऊ घातले, नयनला मांडीवर वाढवले. एकदाच, तांदूळ निवडता निवडता, म्हणाली, 'सूनबाई, तुही एक वस्तू मायापाशी हाय. मागशीन तवा देईन.' मी उठून दूध बघायला गेले. चुलीवर दूध नव्हते. तिने पुन्हा विषय काढला नाही आणि मला कधी कमीही लेखले नाही. या दोन्हींबद्दल मी तिची ऋणी आहे.

५. माझी दृष्टी गेल्यावर यजमानांनी डबे खाली काढले. मी दिवसभर नुसती बसून असते, हे त्यांना पाहवत नव्हते. म्हणाले, 'तू हातानं निवड, मी साल वाचतो.' आता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? ओसरीत सतरंजी घालून आम्ही बसू लागलो. महिन्याभरात माझी बोटे तयार झाली. भोकाचा पैसा, चौकोनी दोन आणे, काठाला पाकळ्या असलेला एक आणा, षटकोनी तीन पैसे, अल्युमिनियमचे हलके दहा पैसे. ढाणकीच्या बाजारातून आलेली, निजामाच्या वेळची हाली नाणीही निघाली. त्यांवरचा चारमिनार मला बोटाला लागत असे. यजमान बसमध्ये ओरडत तशा खणखणीत आवाजात साल सांगत, 'एकोणीसशे त्रेचाळीस, पुढे चला!' आणि मी हसत असे. ती तीन वर्षे माझ्या संसारातली सर्वांत सुखाची होती. रोज सकाळी मात्र वाटे, की आज तो निघेल.

चौदाव्या डब्यात तो निघाला. जुन्या लुगड्याच्या चिंधीत गाठ मारून ठेवलेला. गाठ सोडण्याआधीच मला कळले, तरी मी अंगठा काठावरून फिरवला. खाच होती. मी यजमानांना सगळे सांगितले. ते म्हणाले, 'तो मानूस जिवंत असन काय?' मी म्हटले, माहीत नाही. 'शोधू,' म्हणाले. पुढचे पंधरा दिवस ते बसस्टँडवर जाऊन प्रत्येक कंडक्टरला विचारत राहिले. पुसद रस्त्यावरच्या एका तांड्यावर रामधन राठोड सापडले.

६. आम्ही दोघे एसटीने गेलो. रामधनभाऊंची बायको लालीबाई हिने आम्हाला बसायला बाज टाकली. मी जे बोलायला गेले होते ते बोलले आणि रुपया पुढे केला. आधी बोलली ती लालीबाई. 'एवढ्या वर्सानं आल्या? चोराची पोरगी म्हणून मायावाल्या पोरीची सोयरीक मोडली, तवा कुठी होत्या तुम्ही?' रुपया मी तसाच पुढे धरून ठेवला.

रामधनभाऊ म्हणाले, 'मले मालूम होतं, इंदूबाई.'

मी विचारले, कसे?

'त्या दिवशी मी शिडीवर होतो. तुम्ही ओचा भरून फुटाने आनले. मले मूठभर देले. घरात मायाशी कोनी बोलत नव्हतं. मी मनलं, पोरीजवळ पैसे कुठून आले? मंग रुपया गेला तवा समजलं.'

'मग सांगितलं काहून नाही?'

'सांगतलं असतं त तुमच्या बाबानं तुम्हाले मारलं असतं. मी जवान होतो, मले सोसलं.' मग म्हणाले, 'इतकं लांबन, असं नव्हतं वाटलं.'

मूठभर फुटाणे दिल्याचे मला आठवत नाही. मी पुष्कळ आठवून पाहिले.

रुपया त्यांनी घेतला नाही. 'तवा माया नव्हता, आता कसा होईन?' मी विचारले, मग मी काय करू? ते म्हणाले, 'लिहून द्या. सरकारी कागदावर. मायी नातवंडं वाचतीन.'

म्हणून मी याद्वारे जाहीर करते : १९६४ च्या दिवाळीत ढोले यांच्या घरातला चांदीचा रुपया मी, इंदू, हिने घेतला. रामधन राठोड यांनी तो घेतला नाही, त्या घरातले दुसरे काहीही कधी घेतले नाही. माझ्या वडिलांनी त्यांना मारले ती चूक होती. मी गप्प राहिले ती त्याहून मोठी चूक होती. या मृत्युपत्राची नोंदणी होताच त्याची नक्कल रामधनभाऊंना द्यावी, माझ्या मरणाची वाट पाहू नये.

७. हे कागदावर यायला तीन वर्षे लागली. यजमान आजारी पडले, वारले, हे एक कारण. दुसरे कारण माझा धाकटा भाऊ पुरुषोत्तम. तो म्हणाला, 'बाबा गेले, आता कायले उकरून काढून राह्यली? लोक बाबाले नावं ठेवतीन.' मी ऐकले नाही, तेव्हापासून त्याने बोलणे सोडले आहे. दोन राख्या पोस्टाने पाठवल्या, पोच आली नाही. पुरुषोत्तम, तू तेव्हा पाच वर्षांचा होतास, तुझा यात काही दोष नाही. बाबा तुझे होते तसे माझेही होते. रोज तिन्हीसांजेला मला मांडीवर घेऊन पाढे म्हणून घेणारा तो माणूस होता आणि अंगणातला जोडाही त्याच्याच हातात होता.

तो रुपया आपल्या माहेरच्या देवघरातला, म्हणून तो पुरुषोत्तमला द्यावा. मात्र सध्या तो रामधनभाऊंकडे आहे. मी गळ घातली तेव्हा त्यांनी 'अमानत म्हणून ठेवतो' असे कबूल केले. पुरुषोत्तमने स्वतः तांड्यावर जावे आणि त्यांच्या हातून तो घ्यावा. दुसऱ्या कोणाला पाठवू नये. मुदत नाही.

८. बाकीच्या नाण्यांपैकी प्रत्येक जातीची वीस-वीस नाणी सुरभीच्या शाळेला द्यावी. ती फळ्यावर चिकटवू नयेत. पोरांच्या हातात द्यावी, दोन्ही बाजूंनी चाचपू द्यावी. उरलेली नयन आणि सुरभीने वाटून घ्यावी. वाटताना एकमेकांसमोर सतरंजीवर बसून वाटावी, घाई करू नये. एकवीसपैकी पाच डबे अजून निवडायचे आहेत. यजमान गेल्यावर मी त्यांना हात लावलेला नाही.

९. साक्षीदारांविषयी. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकीलसाहेबांनी समजावले. हे मी रामधनभाऊंना फोनवर सांगितले, कारण पडीक जागेचा माझा एक तुकडा मी त्यांना द्यायचे मनात धरले होते. ते म्हणाले, 'मंग मले कायबी नका देऊ. मी साक्षीदार होतो.' म्हणून तो तुकडा नयन व सुरभी यांच्याकडे जाईल.

१०. वरील मजकूर काल लिहून झाला. आज नोंदणीसाठी कचेरीत आल्यावर जे घडले ते वकीलसाहेब आपणहून माझ्या तोंडी जोडत आहेत, मी फक्त हो म्हटले. सुरभीने काल सातवे कलम आपल्या मामाला फोनवर वाचून दाखवले होते. आज सकाळी पुरुषोत्तम आपल्या गाडीतून तांड्यावर गेला. लालीबाईने त्याला आधी उभेच ठेवले, मग चहा दिला. तो रामधनभाऊ व लालीबाई दोघांना घेऊन कचेरीत आला आणि माझ्याशेजारी येऊन बसला. माझा हात त्याने हातात धरला आहे, त्यामुळे अंगठ्याला शाई लावायला वेळ लागतो आहे. रुपया आणला का, असे मी विचारले. रामधनभाऊ म्हणाले, 'त्यानं मागतलाच नाही. दोन कप चहा पेला अन् इसरला.' तेव्हा कलम ७ आहे तसेच कायम ठेवावे.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले, मी ऐकले, मला समजले आणि ते बरोबर आहे. कलम सहा रामधनभाऊंच्या विनंतीवरून दोनदा वाचण्यात आले. दुसऱ्या वेळी कचेरीतले बाकीचे लोकही ऐकायला जवळ आले होते.

ठिकाण : दिग्रस
दिनांक : १८ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार : इंदुताई विठ्ठलराव गावंडे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार :
१. डॉ. अर्पिता वानखडे, दिग्रस (सही)
२. रामधन हिरासिंग राठोड, वय ८०, धंदा शेती (सही. अंगठ्याची शाई पुढे केली असता 'मले लिहिता येते' असे सांगून पूर्ण नाव स्वतः लिहिले.)